प्रती अनेक, पण ऐकणारा हवा

रमजानच्या आधीच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या एखाद्या घरी संगणकाभोवती पोरांची गर्दी जमायची, तो काळ फार जुना नाही. गेल्या वर्षीच्या तरावीहची तिलावत, मौलानांचे बयान, हजला निघणाऱ्यांसाठी दुआ, सारे सीडीवर 'राइट' करून नात्यागोत्यात वाटायचे. सवाबचे, म्हणजे पुण्याचे काम. शेजारच्या आळीत भजनी मंडळाच्या आणि गणेशोत्सवाच्या सीड्यांचे हेच चाललेले असे. चाळीस-पन्नास सीड्या लागत आणि घरचा संगणक एका वेळी एकच बनवी. मग कुणीतरी तोडगा काढला: एकाच कॅबिनेटमध्ये दोन-तीन राइटर बसवायचे.

हिशेब सोपा होता. सीडीचा मूळ वेग सेकंदाला 150 किलोबाइट. 16 पट वेगाने भरलेली सीडी राइट व्हायला साधारण पाच मिनिटे लागतात. एकेक करून चाळीस सीड्यांना तीन तासांहून जास्त वेळ; तीन राइटर एकत्र चालवले तर सव्वा तासात काम फत्ते. जुन्या संगणकात दोन केबल आणि प्रत्येकीवर दोन, अशी चारच उपकरणे लागत. एक जागा हार्डडिस्कची, उरलेल्या तीन राइटरच्या. 'नीरो' या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी अनेक राइटर वापरण्याची सोय होती. त्याचे पूर्ण नावच 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळताना फिडल वाजवणाऱ्या सम्राटाच्या दंतकथेवरचा हा विनोद सीडी 'जाळणाऱ्या' किती पोरांच्या ध्यानात आला असेल कोण जाणे!

अडचण वेगळीच होती. राइटरला माहितीचा अखंड पुरवठा लागतो. तो क्षणभर जरी तुटला, तरी जुन्या राइटरमध्ये सीडी वाया जाई आणि चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामी येई. 2000 नंतरच्या राइटरमध्ये थांबून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची युक्ती आली. तरीही जाणकार आधी सगळ्या फायलींची एक 'इमेज' हार्डडिस्कवर करून घेत, वेग कमी ठेवत आणि काम चालू असताना संगणकाला हात लावू देत नसत. सगळ्या सीड्या त्या एका इमेजवरून निघत. म्हणजे मुळात एखादी फाइल अर्धवट असली, तर चाळीसच्या चाळीस घरी ती अर्धवटच पोचणार.

यावरचा उपायही तिथेच होता. राइट झाल्यावर सीडी पुन्हा वाचून मूळ माहितीशी ताडून पाहण्याचा पर्याय, 'व्हेरिफाय'. पण त्याने वेळ जवळपास दुप्पट होई. घाईत बहुतेक जण ती चौकट रिकामीच सोडत.

रमजानमध्ये मशिदीत गेलेल्याला ही चौकट ओळखीची वाटावी. तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज, म्हणजे ज्याला कुरआन मुखोद्गत आहे असा इमाम, महिनाभरात सारे तीस पारे ऐकवतो. त्याच्या मागच्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो. त्याला 'सामे' म्हणतात, म्हणजे ऐकणारा. इमाम एखाद्या शब्दावर अडखळला की सामे तो शब्द पुरवतो. याला 'लुकमा देणे' म्हणतात. परंपरा तर सांगते, की प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः दर रमजानमध्ये जिब्रील या फरिश्त्यासोबत कुरआनची उजळणी करीत आणि अखेरच्या वर्षी त्यांनी ती दोनदा केली. पाठ असणे पुरेसे नाही, तो कुणीतरी ताडून पाहिला पाहिजे. आपल्या मराठी मुलखालाही हे नवे नाही. नकला करता करता ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती वाढल्या की चुकाही वाढतात, हे त्यांनी जाणले होते.

आज हे सांगायचे कारण असे, की त्या सीड्या आता जात आहेत. घरी राइट केलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो रंग विटतो. हा थर चकचकीत बाजूला नव्हे, तर नाव लिहायच्या बाजूला, पातळ वार्निशखाली असतो. म्हणून बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव किंवा ओढून काढलेले स्टिकर खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान करते. अनेक घरांत कॅसेटवरून सीडी केली आणि कॅसेट टाकून दिली. वाटलेल्या चाळीसही हरवल्या. आता गेलेल्या इमामसाहेबांचा आवाज, नानीची दुआ किंवा बुवांचा अभंग त्या एकाच सीडीवर उरला असू शकतो.

म्हणून ईदच्या साफसफाईत सीड्यांचे पाकीट भंगारात जाण्याआधी उघडा. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी राइटर आजही मिळतो. सीडी मळली असेल तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यावर लावा. अनेकदा तिथे चालते. फायली उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये बारा तासांचा आवाज एका सीडीवर मावतो. आजच्या साध्या पेनड्राइव्हवर अशा कितीतरी सीड्या बसतील.

एक पथ्य मात्र पाळा. हे आपल्या घरच्या, आपल्या मोहल्ल्याच्या ध्वनिमुद्रणांबद्दल आहे. विकत घेतलेल्या नातच्या किंवा अभंगाच्या सीडीवर गाणाऱ्याचा आणि काढणाऱ्याचा हक्क असतो. तिच्या प्रती काढून वाटणे कायद्यात बसत नाही, आणि दुसऱ्याचा हक मारून सवाबही मिळत नाही.

आणि उतरवलेली प्रत एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. शक्यतो घरातल्या त्या माणसासोबत, ज्याने तो आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे. कुठे शब्द तुटला, कोण बोलते आहे, कोणत्या सालचे आहे, हे तोच सांगेल. ते लगेच फाइलच्या नावात लिहून ठेवा. यंत्र प्रती हव्या तितक्या काढून देईल. सामेचे काम मात्र माणसालाच करावे लागते.