नागपूरच्या उन्हात थिनर कोणतं?

काल एका गॅरेजमध्ये नुकतंच रंगवलेलं बॉनेट पाहिलं. हात फिरवला तर खरखरीत. रंग उत्तम होता, थिनर मात्र हिवाळ्यातलं!

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. हिवाळ्यात चालणारं फास्ट (लवकर उडणारं) थिनर स्प्रे गनमधून पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आतच उडतं. थेंब अर्धवट वाळून बसतात, एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात स्लो थिनर घ्या, सकाळी लवकर रंग मारा. पत्रा तापलेला नको.

पावसाळ्यात त्रास वेगळा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. तेव्हा थोडं रिटार्डर (उडणं मंदावणारं द्रावण) घाला. जास्त झालं तर रंग ओघळतो.

आणि पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात एनसीचं थिनर कधीच नको.

तुमचा रंग कोणता, गन कोणती? बिनधास्त विचारा.