दुधी आणि लाल भोपळा : नावापुरतेच भाऊ

भोपळा कुलात (कुकर्बिटेसी) सुमारे 100 प्रजाती आणि 1,000 च्या आसपास जाती आहेत. तणावे असलेले वेल, बहुधा वेगवेगळी नर-मादी फुले आणि फुलाच्या पाकळ्यांखाली वाढणारे फळ ही त्यांची खूण. मराठीत दुधी आणि लाल या दोघांनाही ‘भोपळा’ म्हणतात. शास्त्रीय नाती मात्र वेगळी आहेत. दुधी (लॅजेनॅरिया) मूळचा आफ्रिकेचा. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि पाकळ्या सुट्या असतात. लाल भोपळा (कुकर्बिटा) अमेरिकेचा. फुले पिवळी, सकाळी उमलणारी, पाकळ्या जुळून घंटेसारख्या. वर्गीकरणात दुधी ज्या शाखेत येतो, त्याच शाखेत काकडी, कलिंगड, कोहळा आणि तोंडलीही आहेत. लाल भोपळा दुसऱ्या शाखेत.

फळे इतकी सारखी असताना फुलांना एवढे महत्त्व का, अशी शंका रास्त आहे. खुद्द लिनीअसने 1753 मध्ये दुधी आणि कलिंगड दोन्ही कुकर्बिटातच घातले होते. लॅजेनॅरिया ही प्रजाती वेगळी झाली 1825 मध्ये. पण फळाचा आकार माणसाने निवडून निवडून बदललेला असतो. लांबट हिरवी झुकिनी आणि गोल नारिंगी भोपळा ही दोन्ही फळे कुकर्बिटा पेपो या एकाच जातीची! फुलाच्या रचनेवर अशी निवड सहसा होत नाही, म्हणून तिची साक्ष अधिक भरवशाची. डीएनएच्या अभ्यासातही या दोन शाखा वेगळ्याच निघाल्या. दोडका-घोसाळे (लुफा) आणि कारले-करटोली (मोमॉर्डिका) या जोड्या मात्र खऱ्या भावंडांच्या.