आजीचा रंग कुठे सापडतो?

नांदेडच्या आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाली की मुलांचा संगणक वर्ग भरतो. देणगीतून मिळालेले दोन जुने संगणक आणि पंधरा-वीस मुले, एवढाच काय तो पसारा. मागच्या उन्हाळ्यात मुलांना संगणकावर चित्र रंगवायला शिकवायचे ठरले. विषय दिला, ‘माझी आजी’. आठवीतल्या एका मुलीने चेहरा छान काढला आणि रंग भरायच्या वेळी विचारले, ‘‘सर, यात स्किन कलर कुठाय?’’

तिला खडूंच्या पेटीतला तो फिकट गुलाबी रंग हवा होता. तो शोधून तिने चेहऱ्यावर भरला. आजी बाहेर ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांना चित्र दाखवले, तर त्या म्हणाल्या, ‘‘ही कोण गं बाई? म्या एवढी गोरी कवा झाले?’’

सगळे हसले. मला मात्र त्या मुलीच्या प्रश्नाने विचारात पाडले. जी आजी तिला रोज जेवू घालते, तिचा रंग या मुलीला माहीत नाही असे कसे होईल? माहीत होता, पण चित्रात माणसाचा रंग म्हणजे गुलाबीच, हे त्या पेटीने तिला न बोलता शिकवून ठेवले होते. माणसाची किंमत जन्मावरून आणि वर्णावरून ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली, १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या मागे उभे राहून नाकारली. तीच व्यवस्था खडूच्या पेटीतून घरात शिरत असेल, तर पालकांनी तिकडे लक्ष द्यायला हवे.

त्या दिवशी वर्गात आमच्या वस्तीतले पेंटरकाका बसले होते. पस्तीस वर्षे त्यांनी भिंती आणि पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश थंडावला. संगणकाचा माऊस त्यांना धरता येत नाही, पण रंग त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, ‘‘पोरी, तसा रंग डब्यात मिळत नसतो, कालवावा लागतो. तांबडा घे, पिवळा घे आणि निळ्याचा नुसता थेंब दे.’’

मुलांनी संगणकावर रंग कालवून पाहिले आणि पहिल्याच प्रयत्नात फसगत झाली. गडद निळ्यावर अर्धपारदर्शक पिवळा फिरवला, तर हिरवा होण्याऐवजी करडा झाला! काका चकित झाले. कारण सोपे आहे. डब्यातला रंग प्रकाश शोषतो, तर पडदा स्वतः प्रकाश फेकतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचा असतो. प्रत्येकाचे प्रमाण शून्यापासून २५५ पर्यंत. तिन्ही शून्य केले की काळा, तिन्ही २५५ केले की पांढरा. या तिघांच्या कमीजास्त प्रमाणातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग तयार होतात. एवढ्या रंगांत ‘स्किन कलर’ नावाची एकच चौकट शोधणे किती खुळेपणाचे आहे, ते मुलांनाच पटले.

मग रंग निवडायचा कसा? प्रोग्राममध्ये एक रंगचक्र असते. त्यावर तीन गोष्टी ठरवायच्या. पहिली, रंग कोणता. दुसरी, तो किती भडक. तिसरी, तो किती उजळ. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांसाठी चक्रावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, नारंगीजवळ थांबावे. भडकपणा निम्म्यावर आणावा आणि उजेडही निम्म्याच्या आसपास ठेवावा. आकड्यांत सांगायचे तर लाल १४०, हिरवा ९०, निळा ६० घेऊन सुरुवात करा. छान तपकिरी रंग मिळतो. नारंगीचा उजेड कमी केला की तपकिरी होतो, ही गोष्ट मुलांना जादूसारखी वाटली. सावलीसाठी काळा मिसळू नये, चेहरा मळकट दिसतो. तोच रंग थोडा लालकडे सरकवून गडद करावा. उन्हाच्या बाजूला थोडा पिवळ्याकडे सरकवून उजळ करावा.

आणखी एक सोय आहे. आजीचा मोबाईलवर काढलेला फोटो पडद्यावर उघडा आणि रंग टिपणाऱ्या ड्रॉपरने जागोजागी टिपून पाहा. कपाळावर मधासारखा, गालावर तांबूस, डोळ्याखाली गडद, कानाजवळ आणखी वेगळा. एकाच चेहऱ्यावर वीस रंग निघाले! त्यात एकही गुलाबी खडूसारखा नव्हता.

बंधू-भगिनींनो, आपला हा वारसा नवा नाही. आपल्या मराठवाड्यातच अजिंठा आहे. पाचव्या शतकात तेथे भिंती रंगवणाऱ्या कलावंतांनी गेरूची तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी वापरली. लाजवर्द या दगडाचा निळा तेवढा आजच्या अफगाणिस्तानातून आला. एवढ्याच रंगांतून त्यांनी गोरी, गव्हाळ, सावळी, काळी अशी सर्व माणसे एकाच भिंतीवर शेजारी बसवली. लेणे क्रमांक १ मधील काळी राजकन्या तर जगप्रसिद्ध आहे. सौंदर्य गोरेपणातच असते, असे त्या बौद्ध कलावंतांना वाटले नव्हते.

रंगाचे हे ज्ञान पोटापाण्याचेही आहे. लातूरला फ्लेक्सचे डिझाईन शिकणाऱ्या आपल्या एका मुलाने १४ एप्रिलच्या जयंतीसाठी बॅनर केला. पडद्यावर निळा झळझळीत होता, छापून आला तो जांभळा! दोष छापणाऱ्याचा नव्हता. छपाईची शाई निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशी चार प्रकारची असते, आणि पडद्यावरचा प्रत्येक रंग त्या शाईत उतरत नाही. निळा निळाच राहावा म्हणून सायन १०० ठेवले तर मॅजेंटा ६०-७० च्या वर जाऊ देऊ नये, आणि आधी छोटा तुकडा छापून पाहावा. एवढे माहीत असते तर त्या मुलाचा दिवसाचा रोज वाया गेला नसता. आपला निळा ध्वज जांभळा झाल्याचे दुःख वेगळेच.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या हातातला मोबाईल आणि संगणक नुसता करमणुकीला राहू देऊ नका. क्रिटा आणि गिम्प हे चित्रांचे प्रोग्राम फुकट मिळतात, त्याला परवाना विकत घ्यावा लागत नाही. वस्तीत जुने पेंटर असतील तर त्यांना विहारात बोलवा. त्यांची नजर आणि मुलांचा संगणक एकत्र आले तर दोघांचेही भले होईल. पहिला धडा पंचशील ध्वजाचा द्या. १८८५ साली कोलंबोत तयार झालेल्या या ध्वजात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा व केशरी असे पाच पट्टे आहेत. सहाव्या पट्ट्यात हेच पाचही रंग एकाखाली एक आहेत. दुसरा धडा घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा द्या.

त्या मुलीने पुढच्या रविवारी चित्र पुन्हा रंगवले. काका बाजूला बसून ‘‘अजून थोडा तांबडा’’ म्हणत होते. आजींनी चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेले. बराच वेळ पाहिले. मग नातीला म्हणाल्या, ‘‘हां, आता ही म्या. कुंकू न लावता बी चांगली दिसते की!’’

जयभीम!