पोहण्याच्या तलावाला पिंजरा!

वाघाला पिंजरा असतो, पोपटाला पिंजरा असतो. पण पोहण्याच्या तलावाला पिंजरा? मुलांनो, थट्टा नाही बरं का! अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. तिथे कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात छोटा तलाव असतो आणि त्याच्यावर जाळी लावलेला अ‍ॅल्युमिनियमचा मोठ्ठा मांडव! तिथले लोक त्याला खरोखरच 'पूल केज', म्हणजे तलावाचा पिंजरा म्हणतात. फरक इतकाच, की या पिंजऱ्यात माणसं आत आणि डास बाहेर.

फ्लोरिडाची हवा उष्ण नि दमट, दलदली भरपूर, त्यामुळे डासही भरपूर. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती तिथेही आहे. २०१६ साली मायामी भागात झिकाचा ताप पसरला, तो त्याच्यामुळेच. जाळीचं महत्त्व पटवणारा एक प्रयोग शेजारच्याच क्युबा बेटावर १९०० साली झाला. डॉ. वॉल्टर रीड यांच्या पथकानं एका छोट्या इमारतीच्या मधोमध तारेची जाळी लावली. एका बाजूला पीतज्वराच्या रोग्यांना चावलेले डास सोडले, दुसऱ्या बाजूला एकही नाही. हवा दोन्हीकडे तीच. ताप आला तो डासांच्या बाजूच्या माणसाला, पलीकडचे ठणठणीत!

पण ऊन, पाऊस आणि खारा वारा यांपुढे पिंजरा तरी किती टिकणार? काही वर्षांनी जाळी ठिसूळ होते, खांबांवर शेवाळ चढतं. मग डागडुजी. आधी साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशानं सगळं धुवायचं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण पोलादी स्क्रूंना चढतो. म्हणून लेप दिलेले नवे स्क्रू बसवायचे, तेही एकेक करून. सगळे एकदम काढले तर मांडवच डोक्यावर यायचा!

जाळी बदलण्यात खरी गंमत आहे. चौकटीला खोबण असते. तीत जाळीची कड घालून वरून रबरी दोरी दाबून बसवतात. दिवाळीत करंज्या कातणानं कापतात ना, तसलंच चाकाचं हत्यार त्यासाठी असतं. जाळी फार ताणली तर चौकट आत वाकते, सैल राहिली तर झोळ पडतो. जुनी दोरी उन्हानं कडक झालेली असते, ती पुन्हा वापरू नये.

नेहमीच्या जाळीत एका इंचात एकीकडे १८ आणि दुसरीकडे १४ धागे असतात. तिच्यातून डास येत नाही, पण चिलटासारखे बारीक चावरे किडे येतात. त्यांना इंग्रजीत 'नो-सी-अम' म्हणतात, म्हणजे 'दिसतच नाहीत'! त्यांच्यासाठी २० बाय २० ची जाळी घेतात. मात्र तिच्यातून वारा कमी येतो. तुमच्या खिडकीला जाळी आहे? पट्टी ठेवा आणि एका इंचातले धागे मोजा पाहू!

आता आईबाबांनीही वाचावं असं. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पाण्यात बुडणं. म्हणून फ्लोरिडात २००० सालापासून घरच्या नव्या तलावाला सुरक्षेची सोय करणं कायद्यानं सक्तीचं आहे. जाळी कितीही छान असो, दार नीट नसेल तर काय उपयोग? ते आपोआप मिटलं पाहिजे, कडी आपोआप बसली पाहिजे आणि तिथे छोट्यांचा हात पोचता कामा नये. शिवाय दार तलावाच्या उलट दिशेला उघडावं. म्हणजे धावत आलेल्या बाळानं ढकललं तरी ते आणखी घट्ट मिटेल. एवढं करूनही पाण्याजवळ मोठं माणूस हवंच.

राहिलं चक्रीवादळ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. २०२२ च्या इयान वादळात असे कित्येक पिंजरे आडवे झाले. म्हणून वादळ येण्याआधी काही जण चक्क आपल्याच हातानं जाळी कापून टाकतात! वारा आरपार जातो आणि महागडी चौकट वाचते. वादळ गेलं, की पुन्हा नवी जाळी आणायची आणि रबरी दोरी खोबणीत दाबत बसायचं.