जहाज कुठे आहे, हे कळल्यानंतर

२०११ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पश्चिम उपनगरांनी आठ आठवड्यांत तीन जहाजांचे हाल पाहिले. ११ जूनला ‘एमव्ही विज्डम’ जुहूच्या वाळूत रुतलं. कोलंबोहून अलंगला तोडणीसाठी निघालेलं ते रिकामं जहाज टगने ओढून नेलं जात होतं. मुंबईजवळ दोर तुटला आणि आत एकही माणूस नसलेलं ते धूड वांद्रे-वरळी सागरी सेतूची धास्ती वाढवत उत्तरेकडे वाहत आलं. ३१ जुलैला ‘एमटी पवित’ हा छोटा टँकर जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागला. इंजिन बंद पडल्यावर ओमानजवळ त्याच्या भारतीय खलाशांनी तो सोडला होता. एका ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना वाचवलं आणि रिकामा टँकर आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात भरकटत थेट अंधेरीच्या दारात आला. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, साठ हजार टन कोळसा घेऊन दहेजकडे निघालेलं ‘राक कॅरिअर’ मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडालं. तीसही खलाशी वाचले, पण तेलाचा तवंग जुहूपर्यंत आला.

तेव्हा चर्चा झाली ती सुरक्षेची. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि एक अख्खा टँकर कुणाच्याही नजरेस न पडता किनाऱ्याला लागतो कसा, हा प्रश्न रास्तच होता. जहाजावरच्या अधिकाऱ्याला मात्र या घटनांत आणखी एक गोष्ट दिसते. जून ते सप्टेंबर हा किनारा वाऱ्याच्या तोंडावर असतो. नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा जे काही निर्बल आहे ते जमिनीकडे ढकलतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरून पावसाळ्यात जहाज नेताना पहिला हिशेब असतो तो किनाऱ्यापासूनच्या अंतराचा. इंजिन बंद पडलं आणि जहाज ताशी दोन मैलांनी वाहू लागलं, तर दहा मैलांवरून जाणाऱ्याच्या हाती पाच तास उरतात, चाळीस मैलांवरून जाणाऱ्याच्या हाती वीस. इंजिनरूमला दुरुस्तीसाठी पाच तास द्यायचे की वीस, हे समुद्रात ठरत नाही. ते जहाज बंदरात असतानाच, चार्टवर पेन्सिलीची रेघ ओढताना ठरतं.

या रेघेला आणि तिच्यामागच्या सगळ्या आकडेमोडीला जहाजावर ‘पॅसेज प्लॅन’ म्हणतात. तो करण्याचं काम रिवाजाने सेकंड मेटचं, म्हणजे रात्री आणि दुपारी बारा ते चारचा वॉच करणाऱ्या अधिकाऱ्याचं. जबाबदारी मात्र कप्तानाची. गेल्या पाऊणशे वर्षांत हे काम कसकसं बदलत गेलं, याचा मागोवा मुंबईतून घेणं सोपं आहे. हिंदी खलाशी अधिकारी झाला तो इथे, आणि त्याच्या परवान्याचे, प्रशिक्षणाचे नियम आजही इथूनच चालतात.

‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालं. तोवर व्यापारी जहाजांवर भारतीय माणूस म्हणजे डेकवर नाहीतर बॉयलरपाशी. ब्रिजवर गोरा साहेब. ‘डफरिन’च्या कॅडेटांनी ती भिंत फोडली. १९४८ मध्ये मुंबईत नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, पुढे त्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव मिळालं. ‘डफरिन’च्या जागी १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ आलं, आणि १९९३ पासून हे शिक्षण जहाजावरून किनाऱ्यावर, नेरुळजवळच्या ‘चाणक्य’मध्ये गेलं.

या इतिहासाला एक काळी तारीख आहे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सकाळी निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट वादळात सापडून काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी मिळेल त्या होडीतून माणसं ओढून काढली, पण मुंबईत दुपार उलटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तासा-दीड तासाचा, रोजच्या सवयीचा प्रवास होता तो. पॅसेज प्लॅनवर शिकवणाऱ्या प्रत्येकाने ‘रामदास’ची गोष्ट सांगायला हवी, कारण सवयीच्या वाटेवरच हवामानाकडे दुर्लक्ष होतं.

जगभर नियम कडक झाले तेही अपघातांनंतरच. १८ मार्च १९६७ ला ‘टॉरी कॅन्यन’ हा महाकाय टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ सेव्हन स्टोन्स खडकांवर चढला. मिलफर्ड हेवनची भरती गाठायची होती, ती चुकली असती तर दिवसच्या दिवस ताटकळावं लागलं असतं. म्हणून बेटांच्या आतल्या बाजूची जवळची वाट धरली गेली. सुमारे एक लाख वीस हजार टन कच्चं तेल त्याच्या पोटात होतं. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार याच काळातल्या अस्वस्थतेतून आला. नोव्हेंबर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने प्रवासाच्या आखणीचे चार टप्पे ठरावात बांधले: माहितीची छाननी, आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख. सुरुवात धक्क्यावरून आणि शेवटही धक्क्यावर. मध्ये बंदराची वाट दाखवणारा पायलट चढतो म्हणून आखणीत खंड पडू द्यायचा नाही.

कागदी चार्टच्या दिवसांत या चार टप्प्यांमधला पहिला सगळ्यात घामाचा. दर आठवड्याला ब्रिटिश ॲडमिरल्टीची, दर पंधरवड्याला देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाची दुरुस्तीपत्रकं यायची. सेकंड मेट चार्टरूममध्ये दिव्याखाली वाकून बसायचा. ट्रेसिंग पेपर चार्टवर नेमका जुळवायचा, टोकदार निबच्या पेनने जांभळट-लाल शाईत नवा बोया काढायचा, हललेला दिवा खोडायचा, मग डाव्या खालच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं वर्ष आणि क्रमांक लिहायचा. शाई वाळेपर्यंत पुढचा चार्ट काढायचा नाही. एक बुडालेलं जहाज चार्टवर चढवायचं राहिलं, तर तिथून जाणाऱ्याला ते कळायला दुसरी सोय नसायची.

मग रेघा. ज्या उथळ भागात जहाजाने फिरकायचंच नाही, तो आधी आडव्या-तिरप्या रेघांनी भरून टाकायचा. त्यानंतर मार्ग. वळणाच्या अलीकडे सुकाणू नेमकं कुठे फिरवायचं ती खूण. प्रॉन्ग्ज आणि खांदेरी या दीपगृहांची बेअरिंग, म्हणजे जहाजावरून दिसणारे त्यांचे दिशाकोन, कारण मुंबईत शिरताना त्यांच्यावरूनच जागा पक्की करायची. मुंबई हायच्या तेलविहिरींचे मनोरे आणि त्यांच्याभोवतीचं पाचशे मीटरचं निषिद्ध वर्तुळ. शिवाय एक सूचना मुंबईच्या वाटेवर जुन्या हातांनी हमखास लिहिलेली असते: मासेमारी बोटींची दाटी. जुलैअखेर बंदी उठली, की वर्सोवा, मढ, गोराईच्या बोटी एकदम समुद्रात उतरतात. रात्री त्यांचे दिवे क्षितिजभर पसरलेले असतात आणि पाण्यात जाळी मैल-मैल लांब असतात. तांडेलाला मोठ्या जहाजाची वाट माहीत नसते, मोठ्या जहाजाला त्याचं जाळं दिसत नाही.

पाण्याच्या खोलीचा हिशेब तर खास मुंबईचा. इथे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटर चढते. समजा, जहाज तेरा मीटर पाण्यात बसलंय आणि चार्टवर खोली साडेबारा दाखवलीय. भरती तीन मीटर असेल तर पाणी साडेपंधरा. तळाखाली अडीच मीटर मोकळं दिसतं, पण जहाज वेगात असताना उथळ पाण्यात आणखी खाली बसतं. ते एक मीटर धरलं, तर उरतो दीड. वेग निम्मा केला तर हे बसणं पावपट होतं. म्हणजे भरतीच्या कोणत्या मिनिटाला, किती वेगाने, हे दोन्ही एकत्रच ठरवावं लागतं.

जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झालं आणि मे २००० मध्ये अमेरिकेने त्यातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. २०१२ ते २०१८ दरम्यान इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा, म्हणजे एकडिस, मोठ्या जहाजांवर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ‘आपण कुठे आहोत’ या प्रश्नाने शेकडो वर्षं खलाशाची झोप उडवली होती. तो सुटला. ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही त्यानंतरच्या अपघातांचे अहवाल वाचले, की दिसतं ते हे की जहाज कुठे आहे हे यंत्राला ठाऊक होतं, माणूस तिकडे पाहत नव्हता.

सप्टेंबर २०१३ मध्ये ‘ओव्हिट’ हा रसायनांचा टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँक या वाळूच्या पट्ट्यावर चढला. एका नवख्या अधिकाऱ्याने आखलेली रेघ थेट त्या पट्ट्यावरून गेली होती, कप्तानाने ती तपासली नव्हती, एकडिसचा धोक्याचा आवाज बंद होता. वॉचवरच्या अधिकाऱ्याला जहाज रुतलंय हे कळायला एकोणीस मिनिटं लागली.

‘वाकाशिओ’ची गोष्ट भारतीयांना अधिक लागते, कारण तिचा कप्तान भारतीय होता. २५ जुलै २०२० ला हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात गेलं. मूळ आखणीत बेटापासून बावीस मैलांचं अंतर होतं. दोन दिवस आधी ते पाच मैल झालं. त्या दिवशी मोबाइलची रेंज मिळावी म्हणून दोन मैलांवर आणायचं ठरलं, आणि तेही त्या किनाऱ्याचा पुरेसा मोठ्या प्रमाणाचा चार्ट नसताना. कोविडच्या त्या महिन्यांत खलाशी करार संपूनही घरी जाऊ शकत नव्हते. घरच्यांचा आवाज ऐकण्याची ओढ कुणालाही समजेल. म्हणूनच आखणी मध्येच बदलताना ती पहिल्यापासून तपासावी, हा नियम माणसाच्या भल्यासाठी आहे, हे शिकवताना आवर्जून सांगावं लागतं.

घराजवळ, ७ ऑगस्ट २०१० ला, जेएनपीटीतून बाहेर पडणारं ‘एमएससी चित्रा’ आणि बंदरात येणारं ‘खलिजिया-३’ मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यात तरंगू लागले, वाहतूक काही दिवस बंद पडली, खारफुटीवर तेल चढलं आणि कोळीवाड्यांच्या मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात नांगर सुटलेली पी-३०५ ही स्वतःचं इंजिन नसलेली बार्ज बुडाली. तिच्यावरची २६१ माणसं आणि त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ टगवरची १३, यांपैकी ८६ गेली. हवामान खात्याचा इशारा आधीच आलेला होता. अशा वेळी आखणीचा सगळ्यात अवघड भाग असतो तो निघण्याची वेळ ठरवण्याचा, आणि तो इशारा मिळाल्या दिवशीच ठरावा लागतो.

दरम्यान जहाजांचा कारभार बॅलार्ड इस्टेटमधून उपनगरांत सरकला. नौवहन महासंचालनालय जहाज भवनातून कांजूरमार्गला आलं. अंधेरी-कुर्ला रोड, मरोळ, पवई इथल्या काचेच्या इमारतींत जहाज व्यवस्थापन कंपन्यांची कार्यालयं आहेत. शिपिंग कॉर्पोरेशनची प्रशिक्षण संस्था पवईतच आहे. अटलांटिकमधल्या जहाजाचा ठिपका अंधेरीतल्या पडद्यावर दिसतो, वादळ टाळण्याचा सल्ला इथून जातो, आणि ‘कधी पोचणार’ अशी विचारणाही इथूनच जाते. सल्ला मोलाचा असतो. विचारणेने दडपण येतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय नियम या बाबतीत स्पष्ट आहे: सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालक, भाडेकरू किंवा व्यवस्थापक कुणीही आडवं यायचं नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक खुर्चीसमोर हे वाक्य लावलेलं असायला हवं.

आणि आता जीपीएसवरच भरवसा उरलेला नाही. युद्धक्षेत्रांच्या आसपास त्याचे संकेत दाबले जातात, खोटे पाठवले जातात. मे २०२५ मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज जेद्दाजवळ रुतलं, तेव्हा संशय याच गोष्टीवर गेला. पुढच्याच महिन्यात होर्मुझजवळ ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अडालिन’ या टँकरांची टक्कर झाली तीही अशाच गोंधळलेल्या संकेतांच्या दिवसांत. पर्शियन आखाताच्या वाटेवरचा सेकंड मेट त्यामुळे पॅसेज प्लॅनमध्ये जुन्या रकान्यांना पुन्हा जागा देतो: कोणत्या भूशिराचं रडार-अंतर, कोणत्या दिव्याचं बेअरिंग, खोली मोजायची कुठे, दर किती मिनिटांनी जागा ताडून पाहायची. मुंबईहून निघताना या यादीतलं पहिलं नाव प्रॉन्ग्जचं असतं. १८७५ पासून तो दिवा त्याच खडकावर आहे.