आई-वडिलांवरचा गुन्हा आणि मुलाचा ताबा

• मुख्य कायदा : पालक व पाल्य अधिनियम, १८९०. सर्व धर्मीयांना लागू.

• कलम १७ : मुलाच्या हिताचा विचार करताना पालकाचे चारित्र्य व क्षमताही तपासतात. जुन्या शिक्षेमुळे ताबा आपोआप जात नाही.

• कलम ३९ : चारित्र्यदोष दाखवणाऱ्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यास न्यायालयाने नेमलेला पालक हटवता येतो.

• खटला प्रलंबित असेल तर? पत्नीच्या मृत्यूप्रकरणी खटला सुरू असलेल्या वडिलांना खालच्या न्यायालयांनी ताबा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो निर्णय फिरवला. चारित्र्य जोखताना असा खटला नजरेआड करता येत नाही, हे स्पष्ट झाले. मुलगा आजोळीच राहिला.

• अर्ज : मूल नेहमी राहते त्या हद्दीतील न्यायालयात. उदा. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट गावासाठी बुलढाणा येथील न्यायालय.