हुमणीचं कूळ कसं लावतात

वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात दिवेलागणीनंतर कडुनिंब आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात. रात्रभर पाला खायचा, जोडी जमवायची आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरायचं. हेच भुंगेरे पुढे अंडी घालतात आणि श्रावण-भाद्रपदात ऊस-सोयाबीनच्या मुळांशी पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडते. ती हुमणी.

पण सापडलेली अळी हुमणीच आहे, हे कशावरून? कीटकांचं वर्गीकरण करणाऱ्याचं काम इथून सुरू होतं, आणि ते नाव ठेवण्यापुरतं नसतं. त्याला प्राण्याची भाऊबंदकी लावायची असते.

पहिली चाचणी पायांची. सहा पाय असतील तर कीटक. पिकावरचा लाल कोळी आठ पायांचा, म्हणून त्याला कोळीनाशकच लागतं. 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडल्या. त्या तर मृदुकाय प्राणी. नेहमीच्या कीटकनाशकांना दाद देणाऱ्या नव्हेत. कूळ चुकलं की औषध चुकतं आणि पैसे बांधावर जातात.

पुढची खूण पंखांची. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक झाकणासारखे असतात आणि त्यांच्याखाली उडायचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात. या झाकणामुळे मातीत, सालीखाली, शेणात घुसलं तरी पंख फाटत नाहीत. जगात आतापर्यंत नोंदलेल्या सुमारे दहा लाख कीटक-जातींपैकी साडेतीन ते चार लाख भुंगेऱ्यांच्याच आहेत. त्यानंतर मिशा पाहायच्या. टोकाशी पंख्यासारख्या उघडणाऱ्या चकत्या दिसल्या की शेणकिडे, गेंडाभुंगा आणि हुमणीचं एकच घराणं हाती लागतं.

इथे उत्क्रांतीची गोष्ट येते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार कीटकांचा उगम सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा आणि पंख फुटले ते सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी. पुढे काही शाखांमध्ये अळी, कोष, प्रौढ असे टप्पे आले. अळी आणि प्रौढ यांचं जेवणाचं ताट वेगळं झालं: हुमणीची अळी मुळं खाते, भुंगेरा निंबाचा पाला. मायलेकरांत घासासाठी भांडण नाही. आजच्या बहुसंख्य कीटक-जाती याच वाटेच्या आहेत. भुंगेरा झाडावर असताना फांद्या हलवून खाली पाडायचा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचा, हा उपाय याच माहितीवर उभा आहे.

आता उकिरड्यातली अळी घ्या. शेणखतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. कुजलेलं खाणाऱ्या कितीतरी चुलत अळ्या तिथे असतात. सपाट जमिनीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. तिच्यासाठी खतावर विष ओतायचं कारण नाही.

खऱ्या हुमणीतही जाती वेगवेगळ्या. त्यासाठी अळी उलटी करून शेवटच्या खंडाची खालची बाजू भिंगाखाली धरतात. तिथे केस असतात. कुठे काट्यांच्या दोन रांगा, कुठे रांगच नाही, नुसते आकडेदार केस विखुरलेले. गुदद्वाराची फट आडवी की तीन फाट्यांची, तेही पाहतात. प्रौढ भुंगेऱ्यात बाहेरून काहीच फरक दिसेना, तर नराचं जननांग काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मांस विरघळवतात आणि उरलेला कडक सांगाडा तपासतात. जवळच्या जातींत इतर अवयव सारखेच राहतात, हा मात्र बदलतो. डीएनए वाचूनही जात कळते, पण ताडून पाहायला आधी कुणीतरी हाताने ओळखलेला नमुना लागतोच. विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. मला तर हाच अभ्यासाचा गाभा वाटतो.

भुंगेऱ्याला टाचणी टोचतात ती मधोमध नाही, उजव्या झाकणपंखातून. दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते. खाली चिठ्ठी: गाव, तालुका, तारीख, कुठल्या झाडावर, कुणी पकडला. चिठ्ठी नसेल तर नमुना कितीही देखणा असो, संशोधनात त्याला फारशी किंमत नाही.

कृषी महाविद्यालयात ओळखीसाठी अळी न्यायची असेल, तर ती थेट स्पिरिटमध्ये टाकू नका, काळी पडते आणि केस दिसेनासे होतात. आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच टाका. शाई स्पिरिटमध्ये विरघळते.